करार संपल्यानंतरचे तीन महिने

यंदाच्या रंगपंचमीच्या रात्री, जेवणे आटोपून अंगणात खुर्ची टाकून बसलो असता, भाचीचा थायलंडहून फोन आला. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, म्हणजे तिच्याकडे अकरा वाजून गेलेले. इतक्या उशिरा ती सहसा बोलत नाही. म्हणाली, "मामा, बारा दिवस उरले. एकतीस मार्चला माझा करार संपतो. पुढचा करार मिळाला तरी शाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू होणार. मधल्या काळाचे काय करू?" थोडे थांबून म्हणाली, "आईला अजून काही सांगितलेले नाही."

या सदरात आजवर मुलांचे शिक्षण, घरातील वडीलधाऱ्यांची देखभाल, लग्नातील अवाजवी खर्च अशा विषयांवर लिहिले. परदेशातील नोकरीवर कधी लिहावे लागेल असे वाटले नव्हते. परंतु आपल्या समाजातील मुलेमुली आता केवळ संगणकाच्या कामासाठीच बाहेर जातात असे राहिलेले नाही. इंग्रजी घेऊन एम.ए., बी.एड. झालेली, हिंगोली, वसमत, सेनगावसारख्या गावांतली मुलेही शिक्षक म्हणून जाऊ लागली आहेत. ती का जातात हे प्रथम समजून घेतले, तर त्यांना दिला जाणारा सल्ला अधिक समंजस होईल.

भाचीने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. केले. नंतर एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवू लागली. ज्यांच्या घरात असा प्राध्यापक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आठवड्याला जेमतेम नऊ तासिका, मानधन महिनोन्‌महिने थकलेले, परीक्षा सुरू झाल्या की काम बंद आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. शिक्षणसेवकाचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून वाढले हे खरे. प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. परंतु त्यासाठी अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि प्रतीक्षा यांतून जावे लागते, आणि इंग्रजीची अनुदानित जागा निघते किती वेळा? खाजगी संस्थेत जागा असली की तिच्यामागे 'देणगी'चा आकडा उभा. माझ्या मेहुण्यांचे कापडाचे दुकान आहे. दोन मुलींच्या शिक्षणानंतर त्यांच्याजवळ देणगीसाठी काही उरले नव्हते, आणि उरले असते तरी दिले नसते. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात भाची थायलंडच्या ईशान्य भागात, उदोन थानी या शहरातील एका शाळेत रुजू झाली.

तिथे गेल्यावर तिला कळले की तासिका तत्त्वाचा एक चुलतभाऊ तिकडेही नांदतो! थायलंडचे शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालते. अनेक शाळा परदेशी शिक्षकांशी दहा किंवा अकरा महिन्यांचाच करार करतात, म्हणजे उन्हाळी सुटीचा पगार द्यावा लागत नाही. आपल्याकडील संस्थाचालक आणि तिकडचे संस्थाचालक एकमेकांना कधी भेटले नसतील, पण बुद्धी एकाच साच्यातली. फरक एवढाच, की हिंगोलीत करार संपला तर मनुष्य घरीच असतो. परदेशात करार संपला की राहण्याचा हक्कही त्याच दिवशी संपतो.

ही गोष्ट आपल्या लोकांच्या नीट लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थायलंडमध्ये शिकवायचे तर दोन वेगवेगळे कागद लागतात. एक व्हिसा, ज्याला तिकडे 'नॉन-बी' म्हणतात. आणि दुसरा कामाचा परवाना. शिवाय शाळेला तेथील शिक्षक परिषदेची परवानगी घ्यावी लागते, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडे टोइकसारख्या परीक्षेत ६०० गुण मागितले जातात. परवान्यावर मालकाचे, म्हणजे शाळेचे, नाव असते. शाळा सुटली की परवान्याचा आधार गेला आणि परवान्याबरोबर व्हिसाचाही. फार तर १,९०० बाट भरून सात दिवसांची मुदत मागता येते. त्यापुढे राहिले तर दिवसाला ५०० बाट दंड, आणि तो वाढत वाढत २०,००० पर्यंत जातो. 'दोन-चार महिने इकडेतिकडे शिकवीन आणि मग बघू' हे मनात येणे स्वाभाविक आहे. पण हा हिशेब पासपोर्टावरील तारखेशी जुळत नाही.

त्या रात्री भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरे तर तीच सांगण्यासाठी फोन केला होता. एका मध्यस्थाने तिला एप्रिल-मेमध्ये उन्हाळी इंग्रजी शिबिरांत शिकवण्याचे काम देऊ केले होते. पगार शाळेपेक्षा बरा, राहण्याची सोय मोफत. व्हिसाचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "त्यात काय एवढे? सीमा ओलांडून लाओसला जा, दुसऱ्या दिवशी परत ये. भारतीयांना साठ दिवसांचा शिक्का फुकट मिळतो." हे अर्धे खरे होते. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय प्रवाशांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ मध्ये तिची मुदत तीस दिवसांवरून साठ दिवस केली. परंतु तो शिक्का पर्यटकाचा आहे. त्यावर फिरता येते, देवळे पाहता येतात. वर्गात उभे राहून मुलांकडून एबीसी म्हणवून घेता येत नाही. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि वर देशातून रवानगी. मानधन न घेता 'सेवा' म्हणून शिकवले तरी तिकडे परवाना लागतोच. आपल्याकडे पाठशाळेत विनामूल्य शिकवणाऱ्याला कोणी कागद मागत नाही, म्हणून ही अट आपल्याला विचित्र वाटते. वाटली तरी ती आहे.

मी तिला लगेच 'नको' म्हणालो आणि म्हणताना आवाज जरा चढला. कारण सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी असाच पर्यटक व्हिसावर परदेशातील बालवाडीत शिकवायला गेला होता. जाण्यापूर्वी पेढे घेऊन माझ्या घरी आला तेव्हा मी त्याचे कागद पाहिले नाहीत. पाठीवर हात ठेवून 'नाव काढ' म्हणालो. चार महिन्यांनी तपासणी झाली, त्याला पकडले आणि परत पाठवले. वडिलांनी मध्यस्थाला द्यायला दीड एकर गहाण टाकले होते. त्या मुलाने नंतर माझी भेट टाळली, आणि खरे सांगायचे तर मीही त्याच्या गल्लीने जाणे टाळले. इंग्रजीचा शिक्षक म्हणून तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. त्याचा एक कागद वाचायला मला वेळ मिळाला नाही.

मध्यस्थांविषयी आपल्या कायद्यात काही तरतुदी आहेत, त्या पालकांना ठाऊक असाव्यात. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत मध्यस्थाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी आहे. नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या प्रणालीवर कोणालाही पाहता येते. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत आणि आणखी काही देशांत नोकरीस जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. शिकलेल्यांना ती लागत नाही. ही सवलत आहे खरी, पण तिच्यामुळे एम.ए. झालेल्या मुलीचे कागद कोणी सरकारी अधिकारी पाहतच नाही. गवंड्याला एक पहारेकरी आहे; प्राध्यापिकेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील बनावट नोकऱ्यांबाबत इशारा दिला होता. बँकॉकची नोकरी सांगून सुशिक्षित तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते. ती मुले अडाणी नव्हती. संगणक शिकलेली होती.

मग करायचे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा बोललो, तेव्हा दोघांचीही डोकी शांत होती. मी तिला एक साधा प्रश्न विचारला: तुझी शाळा स्वतः उन्हाळी वर्ग घेते का? घेत होती. एप्रिलभर, मधले सोंगक्रानच्या सुटीचे दिवस सोडून. तिला ते शिकवण्याविषयी कोणी विचारले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते. करार एकतीस मार्चला संपतो असे लिहिलेले होते. म्हणून तो संपणारच असे तिने धरून चालले होते. आपल्या मुलींना आपण नम्रता शिकवतो, मागायला शिकवत नाही. तिने त्याच दिवशी मुख्याध्यापिकेकडे अर्ज दिला. उन्हाळी वर्गापुरती, तीस एप्रिलपर्यंत, कराराला मुदतवाढ द्यावी आणि तसे पत्र इमिग्रेशन कार्यालयाला द्यावे. चार दिवसांनी होकार आला. पगार त्या मध्यस्थाने सांगितलेल्यापेक्षा कमी होता. पण परवान्यावरचे नाव तेच राहिले.

तिच्या आईला हे रुचले नाही. महावीर जयंती दहा एप्रिलला होती, आणि लेक वर्षभरानंतर त्या दिवशी घरी असेल या आशेवर ताईने दिवस काढले होते. "पाच आठवड्यांच्या पगारासाठी पोरीला तिकडे अडकवून ठेवलेस," असे ती मला म्हणाली. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी एवढेच म्हणालो की ताई, ती अडकलेली नाही, ती कामावर आहे. हे वाक्य तिला पटले की नाही कोण जाणे; त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

शाळेने नकार दिला असता तर? हाही विचार आम्ही केला होता. दुसरी शाळा मिळाली तर तिच्या कागदांवर नवा नॉन-बी व्हिसा घ्यावा लागतो, त्याला काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात उन्हाळी शिबिरे संपलेली असतात. म्हणजे अल्प मुदतीच्या कामासाठी नवा परवाना हा प्रकार बहुधा कागदावरच राहतो. अन्य देशांत शोधावे तर दक्षिण कोरिया इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या सातच देशांच्या नागरिकांना देतो. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय शिक्षकांसाठी सहायक म्हणून एक वाट ठेवलेली आहे, पण ती दोन महिन्यांच्या कामाची वाट नव्हे. चीनचा बाजार एकेकाळी फार मोठा होता. जुलै २०२१ मध्ये तेथील सरकारने खाजगी शिकवण्यांवर निर्बंध घातले आणि देशाबाहेरून चिनी मुलांना शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचे काम एका फटक्यात गेले. व्हिएतनाममध्ये भाषाकेंद्रांना शिक्षक हवे असतात, उन्हाळ्यात तर अधिकच; परंतु तेथेही पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलीस दाखला आणि आरोग्य तपासणी यांवाचून कामाचा परवाना मिळत नाही. ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा सहज मिळतो म्हणून काही जण त्यावर जाऊन शिकवू लागतात. ती पुन्हा लाओसच्या शिक्क्याचीच कथा.

आणखी एक कटू गोष्ट आहे. जाहिरातींत 'फक्त मातृभाषक' असे स्पष्ट लिहिलेले असते. आपली मुले व्याकरणात पक्की असतात, शेक्सपिअर वाचलेला असतो, आणि तरीही पासपोर्टाच्या रंगावरून अर्ज बाजूला पडतो. थायलंडमध्ये ज्या जागा उरतात त्यांत फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. मेहनती, गाणी म्हणणारे, मुलांत रमणारे. भाची म्हणते, वर्ग कसा सांभाळावा हे मी त्यांच्याकडून शिकले, विद्यापीठातून नव्हे. त्याच कामासाठी मातृभाषकाला अधिक पगार मिळतो हे तिने डोळ्यांनी पाहिले. त्याचा राग आहे. पण रागावर वर्ष काढता येत नाही, असेही तीच म्हणते.

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न नक्की असेल: मुलगी तिकडे खात काय होती? ताईने पहिले तीन महिने फोनवर दुसरे काही विचारलेच नाही. थाई भाषेत शाकाहाराला 'मांगसविरत' म्हणतात; हा आपलाच 'मांसविरति' शब्द आहे, समुद्र ओलांडून गेलेला. त्यात अंडी चालतात. त्याहून कडक प्रकार म्हणजे 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसले की ते दुकान 'जे'चे. तेथे मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य. हे ऐकून ताईच्या जिवात जीव आला. कंदमुळे मात्र त्यांच्यात चालतात, त्यामुळे बटाटा आणि गाजर निवडून बाजूला काढावे लागे. आणि साध्या दुकानात 'भाजी' मागितली तरी तीत माशांचा रस पडतोच, म्हणून भाची बहुतेक दिवस खोलीवर वरण-भात करी. व्हिएतनाममध्ये असेच 'चाय' नावाचे शाकाहारी अन्न मिळते. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तेथील पुष्कळ बौद्ध घरे तेच जेवतात. पौर्णिमेला पथ्य पाळणारी माणसे तिकडेही आहेत हे कळल्यावर ताईला तो देश थोडा कमी दूर वाटू लागला.

तीस एप्रिलला, नेमक्या अक्षय तृतीयेच्या दिवशी, भाचीचा वाढीव करार संपला. निघण्यापूर्वी काय काय घ्यावे याची यादी मी तिला पाठवली होती. शाळेच्या कागदावर अनुभवाचा दाखला, त्यात पद, वर्ग, तारखा आणि आठवड्याचे तास, पगाराच्या पावत्या, कर भरल्याचा कागद, परवाना रीतसर रद्द झाल्याचे पत्र. शेवटचे पत्र लोक हमखास विसरतात, आणि पुढच्या वेळी तोच देश विचारतो की मागचा परवाना कुठे गेला. मूळ पदवी प्रमाणपत्र कोणाच्याही हाती ठेवायचे नाही, ही ताकीद तर जातानाच दिली होती. यादीत मी एक गोष्ट लिहायची राहिलो. ती पुढे येईल.

आता ती घरी आहे. नातेवाईक येतात, 'परत आली का?' असे विचारतात. त्या प्रश्नात 'का' वर किती जोर आहे हे तिला कळते. शेजारच्या एका काकूंनी तर दोन स्थळेही आणली. मेहुणे दुकानात बसलेले असतात. कोणी विचारले की "सुटीवर आली आहे" असे सांगतात. मला हे उत्तर आवडत नाही. काम संपले म्हणून माणूस घरी आला तर त्यात लपवण्यासारखे काय? आमच्या याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेव महाराज पंजाबात जाऊन वीसेक वर्षे राहिले, आणि त्यांच्या घुमानला २०१५ मध्ये आपण साहित्य संमेलन भरवले. दूर गेलेल्याचा अभिमान आपल्याला सातशे वर्षांनंतरही आहे. अकरा महिन्यांनी परत आलेल्या मुलीसाठी आपल्याजवळ शब्द नाही.

जूनपासून तिने घरूनच शिकवायला सुरुवात केली. उदोन थानीतील दोन विद्यार्थ्यांच्या पालकांनी शाळा सुरू झाल्यावर तिला आपणहून विचारले. आपल्याकडे संध्याकाळचे साडेचार म्हणजे तिकडचे सहा. मुले शाळेतून येऊन, न्हाऊन बसलेली असतात. माडीवरच्या खोलीत तिने भिंतीला पांढरी चादर लावली आहे. वीज जाते म्हणून मेहुण्यांनी दुकानातला इन्व्हर्टर वर हलवला; हे त्यांनी कोणी न सांगता केले. पैसे थोडे आहेत, पण सरळ बँकेत येतात आणि त्यांचा हिशेब ती वहीत लिहून ठेवते, कारण घरी बसून मिळवलेले हे उत्पन्न भारतात करपात्र आहे. एक जपानी गृहस्थही आठवड्यातून दोनदा संभाषणासाठी येऊ लागले आहेत. त्यांच्याकडे साडेतीन तास पुढे घड्याळ, त्यामुळे त्यांचा वर्ग पहाटे साडेतीनला. ताई त्या वेळी उठून तिच्यासाठी पाणी गरम करून ठेवते, आणि मग 'आता उठलेच आहे' म्हणून सामायिक करायला बसते.

व्हिएतनाममधील एका भाषाकेंद्राने तिची मुलाखत घेऊन होकार कळवला आहे, वर्षभराच्या कराराचा. मी तो करार शब्दन्‌शब्द वाचला. सुटीतील पगाराचे कलम नव्हते, ते तिने मागून घेतले. पदवीवर मुंबईतील आणि दिल्लीतील शिक्के मिळाले. आता अडले आहे ते थायलंडच्या पोलीस दाखल्यावर. तेथे वर्षभर राहिल्यामुळे तिथलाही दाखला मागितला आहे, आणि तो बँकॉकमध्ये असताना सहज काढता आला असता. माझ्या यादीत नव्हता तो हाच. आता बोटांचे ठसे घेऊन टपालाने मागवावा लागतो आहे. परवा तिला घेऊन मी ठसे देण्यासाठी पोलीस ठाण्यात गेलो होतो. हवालदाराने तो थाई अक्षरांचा कागद उलटसुलट करून पाहिला, मग तिला विचारले, "ताई, हे वाचता येते का तुम्हाला?"

"थोडे थोडे," ती म्हणाली, आणि शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला.